व्हिसा हटवलात, आता कामही करू द्या

पूर्व आफ्रिका समुदायाच्या मंत्रिमंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय व महोदया,
पूर्व आफ्रिका समुदायाचे मंत्रिमंडळ,
अरुशा, टांझानिया.

सविनय नमस्कार.

२८ जुलै २०२५ रोजी टांझानिया सरकारने एक आदेश काढला. पंधरा प्रकारचे धंदे यापुढे परदेशी माणसाने करायचे नाहीत. मोबाइलची दुरुस्ती, मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एजन्सी, केशकर्तनालय, पर्यटकांचा गाइड, शेताच्या बांधावर जाऊन पिकाची खरेदी, कुरिअर, जागांची दलाली, छोटे कारखाने, अशी ती यादी. मोडणाऱ्याला किमान एक कोटी टांझानियन शिलिंगचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, वर व्हिसा आणि परमिट रद्द. जो टांझानियाचा नागरिक नाही तो प्रत्येक जण या आदेशात परदेशी. त्यात चीनचा दुकानदार आला, माझ्यासारखा भारतीय आला आणि ज्यांच्या सरकारांनी टांझानियाबरोबरच तुमच्या आठ देशांच्या समुदायाच्या करारावर सह्या केल्या, ते केनियाचे आणि युगांडाचे नागरिकही आले.

केनियाने जाहीर आक्षेप घेतला. वर्तमानपत्रांत मथळे झाले. बोलून मार्ग काढू, असं सांगितलं गेलं. त्या बोलण्यातून काय निघालं, ते रोज सीमा ओलांडणाऱ्या आमच्यासारख्यांपर्यंत आलेलं नाही, म्हणून हे पत्र.

पत्राची इंग्रजी प्रत अरुशाला पाठवली आहे. मराठीत ते जाहीर करतोय माझ्या माणसांसाठी. नैरोबी, कंपाला, दार-एस-सलामला पोटापाण्यासाठी आलेली मराठी माणसं आता कमी नाहीत. आणि "आफ्रिकेत म्हणे आता देशादेशांत व्हिसाच लागत नाही" असा मेसेज पुढे ढकलणारी मंडळी पुण्या-मुंबईत त्याहून जास्त आहेत. व्हिसा गेला म्हणजे नेमकं काय गेलं आणि काय तसंच राहिलं, हे त्यांनाही कळलेलं बरं.

आधी माझा संबंध सांगतो. मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोलीच्या एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांत ओतलेले गिरणीचे सुटे भाग मागवायचे, नैरोबीतून विकायचे आणि बंद पडलेल्या गिरण्या चालू करून द्यायच्या, हा माझा धंदा. इकडे घरोघरी मक्याच्या पिठाची उगाली शिजते. त्यासाठी गावोगाव गिरण्या आहेत, त्यांना पोशो मिल म्हणतात. गावातली गिरणी बंद पडली की बायकांना डोक्यावर मका घेऊन पुढच्या गावी चालत जावं लागतं. त्यामुळे गिरणीच्या दुरुस्तीला आठवडा थांबता येत नाही.

दुरुस्ती मी करत नाही. करतात माझे फुंडी. कारागिराला इथे फुंडी म्हणतात. त्यांतला सगळ्यात जाणता बुसियाकडचा, लुह्या समाजाचा. चालत्या मशीनच्या आवाजावरून कोणतं बेअरिंग गेलंय ते तो सांगतो. बुसियाच्या नाक्यावरून तो युगांडात शिरतो तो खिशात नुसतं ओळखपत्र घालून. पलीकडे त्याची मामेभावंडं राहतात. नाका झाला तेव्हा त्याच्या आजोबांना कुणी विचारलं नव्हतं. पण हाच माणूस टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याच्या एका गिरणीवर पाठवला, तर त्याला एका नाक्यावरून परत यावं लागलं. पासपोर्ट होता. व्हिसा लागतच नाही. अडला तो हत्यारांच्या पेटीवर. पाहुणा म्हणून जायचं तर जा, पाने-हातोडे घेऊन जायचं तर कामाचा परवाना दाखव, असं त्याला सांगितलं गेलं. गिरणीची दुरुस्ती त्या पंधरा धंद्यांत स्पष्ट शब्दांत लिहिलेलीही नाही. पण आदेश असा निघाला की प्रत्येक पेटीचा संशय यायला लागतो. नाकारल्याचं कारण लिहून मागितलं, ते मिळालं नाही.

गावच्या वेशीवर हार घालून स्वागत करायचं आणि चावडीवर पोचताच हद्दपारीची नोटीस हातात द्यायची, असा हा पाहुणचार आहे.

आपण केलेल्या कामाची मला किंमत आहे. १९९९ च्या नोव्हेंबरात अरुशाला करार झाला, २००० च्या जुलैत तो लागू झाला, आणि १ जुलै २०१० पासून सामायिक बाजारपेठेचा प्रोटोकॉल, म्हणजे जोडकरार, अमलात आला. त्याच्या सातव्या कलमात माणसांचा मुक्त संचार आहे, दहाव्यात कामगारांचा, तेराव्यात दुसऱ्या भागीदार देशात धंदा थाटण्याचा हक्क. कागद उत्तम आहे. २०१४ पासून केनिया, युगांडा आणि रवांडाचे नागरिक एकमेकांकडे ओळखपत्रावर जाऊ लागले. या तिघांनी एकमेकांच्या माणसांसाठी वर्क परमिटची फीही काढून टाकली. त्याच सुमारास, या तीन देशांपैकी एका ठिकाणचं वर्क परमिट असलेल्या माझ्यासारख्या परदेशी माणसाचीही बाकी दोघांकडची व्हिसा-फी माफ झाली. बुसिया, मालाबा, नामांगा इथे दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात, दोनदा रांग लावावी लागत नाही. हे सगळं आम्ही रोज वापरतो आणि त्याबद्दल मनापासून आभार.

माझ्या तक्रारी यापुढच्या आहेत.

पहिली ओळखपत्राची. प्रोटोकॉलच्या नवव्या कलमात लिहिलंय की ज्या भागीदार देशांचं ओळखपत्रावर प्रवास करू देण्याबाबत एकमत झालं असेल, त्यांना तसं करता येईल. म्हणजे ज्यांचं झालं नसेल त्यांनी नाही केलं तरी चालेल. तिघांनी केलं, बाकीचे थांबले. टांझानियाला जायचं तर आजही पासपोर्ट नाहीतर तात्पुरता प्रवास-दाखला लागतो. कचेरीत बसणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटेल. टोमॅटोची पाटी घेऊन सकाळी पलीकडे जाणाऱ्या आणि दुपारी परतणाऱ्या बाईला तो किरकोळ नाही. तिच्या मालासाठी तुम्ही सवलत ठेवली आहे: समुदायातच पिकलेला, बनलेला आणि २,००० डॉलरच्या आतला माल साध्या दाखल्यावर जकातीशिवाय जातो. टोमॅटोला सोपी वाट आणि टोमॅटोवालीला अवघड, असा हा हिशेब. मग ती चोरवाटेने जाते. इथे त्या वाटांना पान्या म्हणतात. तिथे तिला लुबाडणारे भेटतात, आणि त्यांच्याविरुद्ध ती तक्रार करू शकत नाही, कारण मुळात ती तिथून गेलेलीच नसते.

केनिया-टांझानिया सीमेवरच्या नामांगाच्या दोन्ही अंगांना मसाई राहतात. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेनंतर युरोपातल्या साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवून ज्या रेघा ओढल्या, त्यांतली एक त्यांच्या कुरणांतून गेली. ती रेघ तुम्ही ओढलेली नाही. ती राखायला पासपोर्ट मागणारे मात्र आता तुम्ही आहात.

दुसरी तक्रार कामाची, आणि माझा खरा मुद्दा हाच आहे. तुमच्याकडे माणसाची दोनच रूपं आहेत. एक, फिरायला किंवा नातलगांना भेटायला आलेला. त्याला सहा महिन्यांपर्यंतचा पास मिळू शकतो. दुसरा, नोकरीला आलेला. त्याच्यामागे कंपनी हवी, करारपत्र हवं, परवाना हवा. शिवाय कोणत्या प्रकारच्या कामगारांना कधी दार उघडायचं, हे प्रत्येक देशाने प्रोटोकॉलच्या परिशिष्टात आपापलं ठरवलं. त्या याद्या वाचताना जाणवतं की पदवीधर आणि तज्ज्ञ माणूस डोळ्यांसमोर ठेवून त्या केल्या आहेत. हाताने काम करणारा, चार दिवसांसाठी जाऊन मशीन चालू करून परत येणारा माणूस या दोन्हींत कुठे बसत नाही. आणि सीमेवरच्या भागात अशीच माणसं सर्वांत जास्त आहेत: फुंडी, ट्रकचा मेकॅनिक, विहिरीचा पंप बसवणारा, शिंपी, केस विणणारी बाई.

केस विणणाऱ्या बाईचं तर टांझानियाने जुलैच्या यादीत नावच घातलं. हॉटेलात किंवा पर्यटकांसाठी असेल तर केशकर्तनालय चालेल, एरवी नाही. म्हणजे परक्या बाईने पर्यटकाचे केस विणले तर चालतं, शेजारणीचे विणले तर गुन्हा.

या आदेशामागची तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दार-एस-सलामच्या कारियाकू बाजारात किरकोळ विक्रीच्या दुकानांत चिनी मालक आले आणि स्थानिक दुकानदारांचं कंबरडं मोडलं, ही ओरड मी स्वतः तिथल्या लोकांकडून ऐकली आहे. लांबून भांडवल घेऊन आलेल्या माणसाने कोपऱ्यावरचं दुकानही गिळावं, हे कुठल्याही सरकारने बघत बसू नये. आमच्या भारतीय व्यापाऱ्यांनाही हे लागू आहे. आपण इथे गुंतवणूकदार म्हणून परमिट काढतो आणि मग गल्लीत खेळणी विकत बसतो, हे आपल्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. असल्या धंद्यावर बंधन आलं तर माझी हरकत नाही. मला स्वतःलाही त्याची झळ बसेल, बसो. हरकत आहे ती एकाच चाळणीतून सगळ्यांना काढण्याला. ज्याच्याशी तुमचा करार नाही तो परदेशी आणि ज्याच्याशी तेरावं कलम लिहून करार केलात तो शेजारी, यांना एकच नियम लावायचा असेल तर ते कलम कशासाठी आहे?

हे फक्त टांझानियाला उद्देशून आहे असं वाटू नये म्हणून तिसरी तक्रार माझ्या राहत्या देशाबद्दल. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा रद्द केला, अशी मोठी जाहिरात झाली. प्रत्यक्षात व्हिसाच्या जागी आगाऊ ऑनलाइन परवानगी आली आणि तिची ३० डॉलर फी. समुदायाच्या नागरिकांना सूट होती, पण ज्या इतर आफ्रिकी देशांच्या लोकांना पूर्वी काहीच लागत नव्हतं, त्यांनाही आता अर्ज आणि पैसे भरावे लागले. टीका झाली. २०२५ मध्ये बहुतेक सगळ्या आफ्रिकी देशांना यातून सूट मिळाली. वगळले दोनच: लिबिया आणि सोमालिया.

सोमालिया मार्च २०२४ पासून तुमचा आठवा भागीदार देश आहे.

भीती मला कळते. २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलवर हल्ला झाला तेव्हा नैरोबीने काय पाहिलं, २०१५ मध्ये गारिसाच्या विद्यापीठात १४८ जीव कसे गेले, हे इथे कुणी विसरलेलं नाही. केनियाने सोमालियाबरोबरची सीमा २०११ मध्ये अधिकृतपणे बंद केली. २०२३ मध्ये ती उघडायची घोषणा झाली आणि नवे हल्ले होताच ती पुढे ढकलली गेली. माणूस तपासा, ठसे घ्या, नावं पडताळा, हवं तितकं करा. पण एका देशाला सभासद करून घ्यायचं, त्याच्या राष्ट्राध्यक्षाला शिखर परिषदेत खुर्ची द्यायची आणि त्याच्या सगळ्या नागरिकांना सरसकट संशयित धरायचं, याचं काही वेळापत्रक तरी हवं की नको? कोणत्या अटी पूर्ण झाल्या की सूट मिळेल, ते कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. पुण्याहून येणारा पर्यटक १०० डॉलर भरून केनिया, युगांडा आणि रवांडा या तिन्ही देशांत ९० दिवस एका व्हिसावर हिंडतो. सोमालियातला, मोगादिशूचा गिरणीवाला माझ्याकडे माल बघायला येत होता, तो आता दुबईला जातो. तिथे त्याला सोपं पडतं. तो माल पुन्हा समुद्राने याच किनाऱ्याला येतो, आणि आमच्या गोडाउनातला तसाच पडून राहतो.

चौथी तक्रार, कुणाच्या तरी मर्जीने बंद होणाऱ्या सीमांची. फेब्रुवारी २०१९ मध्ये रवांडा आणि युगांडाचं बिनसलं आणि गाटुनाचा नाका बंद झाला. तो पुन्हा उघडला ३१ जानेवारी २०२२ ला. जवळजवळ तीन वर्षं. मधल्या काळात नाक्याच्या आसपासची दुकानं, खानावळी, ट्रकवाल्यांच्या लॉजेस ओस पडल्या. आमचा तिकडचा एक विक्रेता या काळात बुडाला तो बुडालाच. जानेवारी २०२४ मध्ये बुरुंडीने रवांडाबरोबरची सीमा बंद केली. ही तिन्ही नावं तुमच्याच यादीतली आहेत. भांडणं राजधान्यांत होतात आणि कुलूप लागतं ते गावांना. किती काळासाठी, का, आणि दवाखान्यात जायला निघालेल्या बाळंतिणीने काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

या भागाला असली कुलपं नवी नाहीत. तुमचा आधीचा समुदाय १९६७ मध्ये जन्मला आणि १९७७ मध्ये मोडला. तेव्हा टांझानियाने केनियाबरोबरची सीमा बंद केली, ती १९८३ पर्यंत. त्याआधी एक रेल्वे, एक टपाल खातं आणि एक विमान कंपनी या तिन्ही देशांची मिळून होती. गोव्याहून आलेली कितीतरी कुटुंबं ब्रिटिशांच्या काळात इथे कारकुनी, शिंपीकाम, बेकरी करत स्थिरावली. एक भाऊ नैरोबीत, दुसरा कंपालात, बहीण झांझिबारला, हे त्यांच्यात सर्रास होतं. नैरोबीतल्या म्हाताऱ्या गोवेकरांना विचारा. पलीकडच्या नात्यात कुणी गेलं तर मयतीला पोचता येत नव्हतं, हे ते अजून सांगतात. अशी अवस्था पुन्हा येऊ नये म्हणूनच तर अरुशाचा करार झाला ना?

पाचवी तक्रार कारण न देण्याची. तिचा निकाल तुमच्याच न्यायालयाने पूर्वीच लावला आहे, म्हणून फार लिहीत नाही. एप्रिल २०११ मध्ये सॅम्युएल मोहोची नावाचे केनियाचे वकील युगांडाच्या सरन्यायाधीशांना भेटायला निघालेल्या वकिलांच्या शिष्टमंडळाबरोबर एंटेबेला उतरले. बाकीच्यांना आत घेतलं, यांना कारण न सांगता परत पाठवलं. ते पूर्व आफ्रिकेच्या न्यायालयात गेले. मे २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की युगांडाने करार आणि प्रोटोकॉल दोन्ही मोडले. भागीदार देशाच्या नागरिकाला अडवायचं तर कायदेशीर कारण लागतं आणि ते त्याला कळवावं लागतं. इतकं स्वच्छ असताना मे २०२५ मध्ये केनियाचे माजी सरन्यायाधीश विली मुटुंगा दार-एस-सलामच्या विमानतळावरून परत पाठवले गेले. टांझानियाचे विरोधी पक्षनेते तुंडू लिस्सू यांचा खटला बघायला ते आले होते. माजी कायदामंत्री मार्था कारुआ यांचंही तेच झालं. इतक्या मोठ्या माणसांची ही गत, तर हातात पेटी घेऊन उभ्या असलेल्या फुंडीला नाक्यावर कोण कारण लिहून देणार?

आफ्रिकेत इतर ठिकाणी काय चाललंय तेही आपल्यासमोर आहे. पश्चिमेकडच्या देशांनी, म्हणजे इकोवासने, १९७९ मध्येच ९० दिवसांच्या बिनव्हिसा प्रवासाचा करार केला. आज माली, नायजर आणि बुर्किना फासो त्यातून बाहेर पडले आहेत, आणि लोकांना सवय झालेला संचार राजकारणावर टांगला गेला आहे. दक्षिणेत बोट्स्वाना आणि नामिबियाने २४ फेब्रुवारी २०२३ ला सही केली आणि दोघांचे नागरिक नुसत्या ओळखपत्रावर ये-जा करू लागले. दोनच देश, लोकसंख्या थोडी, गाजावाजाही थोडा. पण नाक्यावर उभ्या माणसाला फरक पडला. आफ्रिकी संघाने मात्र २०१८ च्या जानेवारीत अख्ख्या खंडासाठी मुक्त संचाराचा प्रोटोकॉल केला. तो लागू व्हायला पंधरा देशांची मान्यता लागते. मिळाली चौघांची: रवांडा, नायजर, माली, साओ टोमे. त्याच वर्षी मार्चमध्ये मालासाठीचा मुक्त व्यापार करार किगालीत झाला, तो पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात लागूही झाला. तुमच्या आठांतून माणसांच्या कागदाला मान्यता देणारा एकटा रवांडा निघाला.

आता मागण्या. कमी आहेत आणि साध्या आहेत.

सर्वात आधी, जुलै २०२५ च्या आदेशातून समुदायाच्या भागीदार देशांचे नागरिक वगळा. टांझानियाला ते करायचं नसेल तर मंत्रिमंडळाने हा आदेश प्रोटोकॉलशी जुळतो की नाही हे पूर्व आफ्रिकेच्या न्यायालयाला विचारावं आणि उत्तर जाहीर करावं. आदेश असाच राहिला तर उद्या केनिया उलट यादी करील, परवा युगांडा.

दुसरी मागणी हाताने काम करणाऱ्यांसाठी. अल्पकाळाच्या कामाचा पास नाक्यावरच द्या. तीस दिवसांचा, फी नाही. ओळखपत्र, ज्याचं काम आहे त्याचं पत्र आणि हत्यारांची यादी, एवढ्यावर. मुदतीत परत गेला की नोंद बंद. जो परत जाणार नाही त्याला पुढच्या वेळी देऊ नका. यासाठी नवा करार लागणार नाही, दहाव्या कलमाखालचे नियम दुरुस्त केले की पुरे. तुम्ही या सगळ्या पत्रातली एकच गोष्ट मान्य करणार असाल, तर ही करा.

नवव्या कलमातलं ओळखपत्र ऐच्छिक न ठेवता आठही देशांना बंधनकारक करा. ज्यांच्याकडे यंत्रावर वाचता येणारी ओळखपत्रं अजून सगळ्यांना मिळालेली नाहीत, त्यांना मुदत द्या, पण ती तारीख लिहून द्या. तोवर सीमेलगतच्या रहिवाशांसाठी फुकट पास असावा. काँगो आणि रवांडातले गोमा-गिसेनीचे लोक वर्षानुवर्षं चिठ्ठीवर ये-जा करत आले आहेत. तिथे युद्ध पेटलं तो भाग वेगळा, पण पद्धत चालत होती.

सोमालियाच्या नागरिकांना सूट कोणत्या अटींवर आणि कधी, हे केनियाने समुदायासमोर लेखी मांडावं. आणि ज्याला कुठल्याही नाक्यावर किंवा विमानतळावर परत पाठवलं जाईल, त्याला त्याच जागी एका पानावर कारण, अधिकाऱ्याचा हुद्दा आणि अपील कुठे करायचं ते मिळालं पाहिजे. किस्वाहिली, इंग्रजी, फ्रेंच, ज्या भाषेत त्याला वाचता येईल त्या भाषेत. सीमा बंद करायची वेळ आलीच तर आजारी माणसं, विद्यार्थी आणि रोजचे छोटे व्यापारी यांच्यासाठी वाट उघडी ठेवण्याचा नियम करा, आणि बंदीचा आढावा ठरावीक मुदतीत घेणं सक्तीचं करा.

माझ्यासारख्या परदेशी रहिवाशासाठी मी यात काही मागितलेलं नाही. माझा व्हिसा मी भरीन. मी बेळगावच्या वादात वाढलेल्या मुलखातला माणूस आहे. सीमेसाठी लोक किती पेटतात ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. तरी कोल्हापूरचा मिस्त्री निपाणीला जाऊन पंप दुरुस्त करून संध्याकाळच्या एसटीने घरी येतो आणि कुणी त्याची पेटी उघडत नाही. एवढंच माझ्या फुंडीला मिळावं असं वाटतं.

 पुढच्या बैठकीत यातला कोणता विषय घेतला जाणार, हे सचिवालयाने आधी कळवावं, ही विनंती. घेतला जाणार नसेल तर तेही कळवावं, म्हणजे केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या गिरणीवाल्यांच्या आणि कारागिरांच्या संघटनांना बरोबर घेऊन न्यायालयात अर्ज करायचा की नाही, हे आम्हाला ठरवता येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
नैरोबीतील एक मराठी व्यावसायिक